अर्धा फाकडा आणि बिननावाचे शिपाई



इतिहास हा आमचा व्यवसाय नव्हे. कामगारांची हजेरी, पगार आणि रजा यांचा हिशेब मालकाकडून चोख करून घेणे हा आमचा व्यवसाय. शाळा आमची लवकर सुटली, आणि पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दुसरी पाळी सुटण्याची वाट पाहता पाहता झाले. तेव्हा पंडितांच्या पंगतीत पाट मांडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतील मस्टर वाचण्यात आमची पुष्कळ वर्षे गेली, आणि त्यातून एक गोष्ट मनावर पक्की ठसली. मस्टरवर नाव असेल तर त्या माणसाचा बोनस, त्याची ग्रॅच्युइटी, त्याच्यामागे त्याच्या बायकोचे पेन्शन यांसाठी भांडता येते. नाव नसेल, नुसते ‘कंत्राटी मजूर ४०’ असे लिहिलेले असेल, तर त्या चाळिसांतला एखादा यंत्रात सापडून मेला तरी तो कोण होता, हे सिद्ध करण्यापासून भांडणाला सुरुवात होते. हीच कसोटी लावून आज आपण मावळातील आणि मावळाबाहेरील काही युद्धस्मारके पाहू. दगडावर नाव कोणाचे आहे आणि आकडा कोणाचा आहे, एवढाच आजचा प्रश्न.

युद्धात पडलेल्यांची नावे दगडावर कोरून ठेवण्याची चाल इंग्लंडात चर्चच्या आश्रयाने वाढली. प्रथम ती अंमलदारांपुरती होती. कर्नल, कॅप्टन यांच्या नावाची पितळी किंवा संगमरवरी पाटी भिंतीवर लागे. साधा शिपाई त्या भिंतीवर चढला तो मुख्यतः बोअर युद्धापासून आणि १९१४च्या महायुद्धापासून. त्या महायुद्धानंतर तेथील बहुतेक खेड्यांत गावच्या मृतांची यादी चर्चच्या भिंतीवर किंवा अंगणात उभी राहिली, आणि पुष्कळ ठिकाणी जमीनदाराच्या मुलाचे नाव व त्याच्या गाडीवानाच्या मुलाचे नाव अक्षरानुक्रमाने एकाच यादीत बसले. जिवंतपणी जे एका बाकावर बसले नसते ते दगडावर शेजारी आले. आपल्याकडे जुन्या तऱ्हेच्या पाट्या पाहावयाच्या असतील तर पुण्याच्या लष्करातील सेंट मेरी चर्चमध्ये जावे. बिशप हेबर यांनी १८२५ साली त्याची प्रतिष्ठापना केली. तेथे पलटणींच्या आणि अंमलदारांच्या स्मृतीच्या पाट्या आहेत.

आता आपल्या मावळातील खेड्यात चर्च नाही. पण देऊळ आहे, आणि देवळाच्या आवारात, पारापाशी किंवा ओढ्याकाठी पुष्कळ गावी वीरगळ आहे. गुडघाभर उंचीचा दगड, त्यावर खालून वर चढत जाणारे चौकोन. खालच्या चौकोनात लढाई आणि पडलेला वीर. मधल्यात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावासाठी, गुरांसाठी किंवा धन्यासाठी पडलेल्या माणसाचे हे स्मारक होय. काही थोड्या वीरगळांवर लेख सापडतो; बहुतेकांवर अक्षर नाही. कोरताना त्या माणसाचे नाव सगळ्या गावाला ठाऊक होते, म्हणून ते लिहिण्याची गरज कोणास वाटली नसावी. पुढे पिढ्या गेल्या, नाव गेले, दगड उरला. आज त्याला शेंदूर लागतो, नवस होतो, कोठे त्यावर धुणे वाळते. आदर आहे, पण आदर कोणाचा हे सांगता येत नाही.

याच मावळात एक समाधी मात्र अशी आहे की जिच्यातील माणसाचे नाव अडीचशे वर्षांजवळ लोकांच्या तोंडी टिकले; आणि तो माणूस होता शत्रू. वडगावची इष्टूर फाकड्याची समाधी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्याचे खरे नाव कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. हकीगत थोडक्यात अशी. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्याचा घाट मुंबईकर इंग्रजांनी घातला आणि १७७८च्या नोव्हेंबरात स्वारी निघाली. पुढची तुकडी घेऊन बोरघाट ताब्यात घेणारा अंमलदार हाच स्टुअर्ट. मागून मुख्य फौज डिसेंबरात खंडाळ्यास चढली. लढाऊ माणूस सुमारे ३,९००, आणि तोफा व सामान ओढण्यासाठी १९,००० वर बैल. खंडाळा ते कार्ले ही आठ मैलांची वाट चालावयास या फौजेला अकरा दिवस लागले. कारण मराठ्यांची पथके चहूबाजूंनी घिरट्या घालीत होती आणि भिवराव पानशांचा तोफखाना वाट अडवून होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यापाशी तोफेचा गोळा लागून स्टुअर्ट ठार झाला. झाडावर चढून तो टेहळणी करीत होता, असे लोक सांगतात.

पुढचा प्रसंग शाळेच्या पुस्तकात आहेच. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोचली, तो गाव जळालेला. दाणावैरण इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून मराठ्यांनीच ते पेटवले होते. वेळ आली तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळण्याची तयारी होती. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि पाय मागे घेतला. महादजी शिंदे यांच्या फौजेने त्यांना वडगावापाशी गाठून कोंडले, आणि जानेवारीच्या मध्यास तह झाला. फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट असे दोन इंग्रज ओलीस ठेवून उरलेली फौज परत गेली. हा ओलीस स्टुअर्ट निराळा आणि समाधीतला निराळा. दोघांची गल्लत करू नये.

मेलेल्या स्टुअर्टला लोकांनी ‘फाकडा’ म्हटले. फाकडा म्हणजे मर्दानी, तडफदार गडी. ग्रँट डफने १८२६ साली आपला इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हाही या मुलखात तो याच नावाने आठवला जात असल्याची नोंद त्याने केली आहे. पेशवाईत साडेतीन फाकडे झाले असे आपल्याकडे म्हणतात. कोन्हेरराव एकबोटे, मानाजी शिंदे आणि मालोजी घोरपडे हे तीन, आणि इष्टूर हा अर्धा. अर्धा कशासाठी? परका म्हणून, शत्रू म्हणून. पण शौर्य नाकारता येईना म्हणून शून्य न देता अर्धा दिला. या हिशेबात आम्हांला मावळच्या माणसाचा मोठेपणा दिसतो. मुलूख मारावयास आलेल्या, घाट दाबून बसलेल्या माणसाचीही लोकांनी समाधी मानली, तिच्यापुढे फूल ठेवले, नारळ फोडला. शत्रूच्या चर्चमध्ये ज्याची पाटी लागावयाची त्याला आमच्या लोकांनी जवळजवळ देव्हाऱ्यात बसवले.

पण आता मस्टर उघडू. स्टुअर्टच्या बरोबर गोरे सोजीर थोडे होते. फौजेचा मोठा भाग देशी शिपायांचा होता. मुंबईच्या पलटणींत त्या काळी कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, मुसलमान, बेने इस्राएल असे लोक भरती होत. म्हणजे फाकड्याच्या मागे उभा राहून गोळी खाणारा पुष्कळदा आपलीच भाषा बोलणारा होता. त्याला समाधी नाही. समोरच्या बाजूस महादजींचे नाव आहे, नाना फडणविसांचे आहे, पानशांचे आहे. वडगावात विजयाचे स्मारकही उभे आहे. पण त्या थंडीच्या रात्री इंग्रजांच्या पिछाडीवर तुटून पडून जे कापले गेले ते राऊत कोण होते? बैलांचा आकडा ग्रंथात आला आहे, एकोणीस हजारांवर. बैल हाकणाऱ्यांची नावे आली नाहीत. आणि ज्या तळेगावकरांनी स्वतःची घरे जळताना पाहिली, त्यांचा त्याग कोणत्या विजयस्तंभावर आहे?

हा दोष केवळ इंग्रजांचा नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘मावळा’ हा शब्दच पाहा. आपल्या मुलखाचे नाव महाराष्ट्रभर ज्या शब्दाने गाजले तो शब्द एक सामान्यनाम आहे. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. सिंहासनावर महाराज बसवतात, आणि बुरुजावर मावळे उभे करतात. महाराजांना नाव आहे, मावळ्यांना नाही. ते डझनावारी मिळतात. तानाजी, येसाजी, बाजी पासलकर अशी काही नावे पोवाड्यांनी आणि बखरींनी राखली. बाकीच्यांचे आपण आकडे पाठ केले. आकड्यापुढे मान लववणे सोपे असते. आकड्याला वारस नसतो, तो दारात येऊन काही मागत नाही.

नाव लिहिल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण याच पुणे जिल्ह्यात आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कंपनीची आणि पेशव्यांची लढाई झाली. पुढे कंपनीने तेथे स्तंभ उभारला आणि आपल्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे त्यावर कोरली. स्तंभ उभारणाऱ्यांना कंपनीचा डंका वाजवावयाचा होता. परंतु त्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे अक्षर आहे, आणि त्यावरून ती माणसे महार होती हे कळते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. ज्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्याने आपले पूर्वज त्या दगडावर वाचले. तेथे ‘४९ शिपाई’ एवढेच कोरले असते तर? आकड्याला जात नसते, गाव नसते, पणतू नसतो. नाव होते म्हणून शंभर वर्षांनी नातवंडे येऊन उभी राहिली, आणि कंपनीचा स्तंभ कंपनीचा न राहता त्यांचा झाला.

आता १९१४च्या महायुद्धाकडे वळू. त्यानंतर सरकारने आपल्या इलाख्यातील अनेक गावी लहानशा संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर जवळजवळ ठरीव. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धास इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. चावडीच्या भिंतीत, शाळेत, देवळापाशी अशी पाटी अजूनही दिसते. विलायतेतील खेड्याला नावांची यादी मिळाली. आपल्या खेड्याला बेरीज मिळाली.

या बेरजेत कोण होते? महायुद्ध सुरू होताच पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला इराकात, त्या वेळच्या मेसोपोटेमियात, पाठवण्यात आले. सैन्याच्या गाड्या आपल्याच घाटातून मुंबईकडे उतरल्या. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९१५च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे मोठी लढाई झाली, सैन्य मागे हटले आणि ७ डिसेंबरपासून कूत या गावी तुर्कांनी त्याला वेढा घातला. १४७ दिवस वेढा चालला. घोडी मारून खाण्याची पाळी आली. धर्माच्या भयाने कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस फार उशिरापर्यंत शिवले नाही आणि रोगाने व उपासाने माणसे मेली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांत तीन हजारांहून अधिक बाजारबुणगे होते, म्हणजे भिस्ती, खलाशी, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवाले. हा लढाईचा मजूरवर्ग. कैद्यांना वाळवंटातून पायी नेले, आणि हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदादच्या रेल्वेच्या कामास जुंपले. लोणावळा हे रेल्वेने वाढवलेले गाव आहे. घाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला होण्यापूर्वी तेथे मजूर किती हजारांनी मेले हे येथल्या माणसाला ठाऊक असते. परमुलखातील रुळांखाली आपल्या मुलखाचे शिपाई तसेच गाडले गेले, हे त्याला निराळे समजावून सांगावे लागू नये.

त्या मृतांची नावे इंग्रज सरकारने कोठे लिहिली? १९१७ साली साम्राज्याच्या युद्धमृतांसाठी एक कमिशन नेमले गेले. हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताची नोंद समान व्हावी, हे त्याचे तत्त्व. त्याप्रमाणे फ्रान्समध्ये न्यव्ह-शापेल येथे १९२७ साली हिंदी सैनिकांचे स्मारक उघडले गेले आणि त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे कोरली गेली. दोन वर्षांनी, १९२९ साली, बसऱ्याचे स्मारक उघडले. तेथे गोऱ्या शिपायांची नावे आली, हिंदी अंमलदारांचीही आली. परंतु तेहतीस हजारांहून अधिक साध्या हिंदी शिपायांची आणि इतरांची नावे कोरण्याऐवजी पलटणीचे नाव आणि पुढे आकडा एवढेच लिहिले. एकाच पलटणटोळ्यातला, एकाच पगाराचा शिपाई फ्रान्समध्ये मेला तर नाव, इराकात मेला तर आकडा! जेथे गोरी दुनिया येऊन वाचणार तेथे तत्त्व पाळले; जेथे वाचावयास कोणी येणार नाही तेथे खर्च वाचवला. मालकाचे हे वागणे आम्हां कामगारांच्या ओळखीचे आहे. रस्त्यावरचे फाटक रंगवलेले असते. मागच्या बाजूचा संडास कोणी पाहत नाही.

आणि येथे अन्याय दुहेरी होतो. ख्रिस्ती शिपायाला पुरत, म्हणून त्याच्या थडग्यावर निदान दगड बसे. हिंदू शिपायाला अग्नी देत. ज्याला थडगे नाही त्याला नावाशिवाय दुसरे काय उरते? ज्याला नावाची गरज सर्वांत जास्त त्याचेच नाव गाळले. याच कमिशनने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हा दोष लेखी कबूल केला. मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्ती अशा ४५,००० ते ५४,००० मृतांची नोंद इतरांच्या बरोबरीने झाली नाही. आणि आणखी निदान १,१६,००० माणसे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने किंवा मुळीच नोंदली गेली नाहीत. कबुली यावयास शंभर वर्षे लागली, पण आली.

याच्या उलट एक जागा आपल्याजवळ आहे. खडकीला होळकर पुलानजीकची युद्धदफनभूमी पाहा. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी तेथे ओळीने आहेत, हिरवळ कातरलेली, प्रत्येक दगडावर अक्षर स्वच्छ. पहिल्या महायुद्धातील अठराशेंहून अधिक मृतांची नावे तेथील स्मारकावर आहेत; त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीच्या दफनभूमीतून १९६२ साली तेथे आणले. परदेशात मेलेल्या परक्या पोरांची नावे आपल्या जमिनीवर कोणी तरी राखतो आहे, याचा आम्हांला हेवा वाटत नाही. उलट, इतक्या वर्षांनीही नावे राखता येतात, याचा हा पुरावा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. हे शिपाई इंग्रजांसाठी लढले. स्वतंत्र देशाने त्यांचे गोडवे कशास गावेत? गोडवे गाऊ नयेत, असेच आमचे मत आहे. साम्राज्याचे युद्ध म्हणजे बाजारपेठांचे भांडण. परंतु भरती झालेल्या माणसाकडे पाहा. १८९६ पासून या मुलखाने दुष्काळ आणि प्लेग एकापाठोपाठ एक भोगले. डोंगरउताराची भाताची खाचरे, वर सावकार. त्यात १९१४ साली शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता आणि तो रोख होता. गिरणीत जाणारा भाऊ आणि पलटणीत जाणारा भाऊ एकाच घरातून, एकाच कारणाने निघाले. लोकमान्य टिळकांनाही माणसे देण्यास हरकत नव्हती. पण हक्कांचा करार आधी व्हावा, ही त्यांची अट होती. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत ते स्वराज्याचा विषय काढू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच थांबवले. करार झाला नाही. माणसे मात्र गेली. १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. गरज सरली, वैद्य मेला.

आणि मुख्य उत्तर वडगावच्या समाधीपाशी आहे. ज्या मावळाने चालून आलेल्या इंग्रज कॅप्टनला अर्धा फाकडा मानले, त्याने पोटासाठी इंग्रजांकडे गेलेल्या आपल्याच पोरांना पाव तरी मानू नये काय? शत्रूला क्षमा आणि घरच्याला विस्मृती, हा न्याय मोठ्या मनाचाही नव्हे आणि शहाणपणाचाही नव्हे. आपले स्मारक कोणाच्या राज्याचा जयजयकार करण्यासाठी नको. अमुक गावातून अमुक माणूस गेला आणि परत आला नाही, एवढी नोंद करण्यासाठी हवे.

हे काम सरकारची वाट न पाहता होण्यासारखे आहे. पंजाबात महायुद्धास गेलेल्या ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात गावांप्रमाणे लिहून ठेवलेल्या निघाल्या, आणि २०२१ पासून त्या लोकांपुढे येऊ लागल्या. आपल्याकडे काम घरोघर फिरून करावे लागेल. पत्र्याच्या ट्रंकेत डिस्चार्जचे पुस्तक असते. माळ्यावर बिल्ला असतो, त्याच्या कडेवर क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. आजीच्या पेन्शनीचे कागद असतात. आणि म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्यांत पलटणीत गेलेल्या भावाचे नाव असते. कमिशनच्या यादीत मृताचे नाव, बापाचे नाव आणि गाव पुष्कळदा सापडते. ती कोणालाही पाहता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नंतरच्या युद्धांची माहिती मिळते. गावोगावच्या तरुण मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतील चार दिवसांचा वेळ या कामी द्यावा. शिक्षकांनी मुलांकडून घरच्या नोंदी लिहून घ्याव्यात.

यादी कशी करावी, याविषयी आमचे म्हणणे थोडे आहे. नाव, बापाचे नाव, वाडीवस्ती, पलटण किंवा काम, साल आणि ठिकाण लिहावे. अनुक्रम अक्षरांचा असावा, हुद्द्याचा किंवा जातीचा नसावा. भिस्ती, खेचरवाला, स्वयंपाकी यांना निराळी पाटी नको. ते शिपायांबरोबर एकाच यादीत यावेत. १९४८, १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ साली स्वतंत्र भारतासाठी पडलेले जवान आणि त्यांचे महायुद्धातील पणजोबा एकाच दगडावर येण्यास हरकत नाही. कोण कोणत्या युद्धात गेला हे सालावरून कळेल आणि वाचणारा आपला विचार करील. गावात जुनी आकड्याची पाटी असेल तर ती काढू नये. तिच्या शेजारीच नावे लावावीत, म्हणजे बेरीज जुळते की नाही हे मुलांना मोजून पाहता येईल. आणि खाली एक हातभर दगड कोरा ठेवावा. नावे उशिरा सापडतात.